कोणत्या कानात

शंकर नगर, रायपूर
१४ जानेवारी २०२४

विमलताई,

जय भीम.

पाकिटावरचं अक्षर पाहून फाडू नको. आतला कागद पाहून घे, मग फाडाचं तं फाड. फोन तू उचलत नाही, मेसेज टाकला तं एकच टिक येते. म्हणजे तू मले ब्लॉक केलं. बरं केलं, मी असती तं मीही केलं असतं. तू राहते त्या वर्ध्याच्या वसतिगृहाचा पत्ता तुह्या पोरीच्या, रुचिताच्या, वहीत होता, शेवटच्या पानावर. तो मी तिले न विचारता उतरवून घेतला.

काम असं आहे. आमच्या दवाखान्यात मेंदूच्या नवीन डॉक्टर आल्या, ज्ञानदा मॅडम, नाशिकच्या. बोलणं एकदम पुस्तकातलं, मले तिच्यासमोर तोंड उघडाले लाज वाटते. कोरोनाच्या साली काढलेले सगळे ईईजी त्या पुन्हा पाहून राहिल्या. तुले माहीतच आहे माहं काम, डोक्याले तारा चिकटवाच्या अन् मेंदूच्या लहरींच्या रेघा काढाच्या. त्या साली ज्यायचं फुफ्फुस सुधरलं, झोपेची औषधं बंद केली, तरी डोळे उघडले नाही, अशा छत्तीस पेशंटच्या रेघा आमच्याकडं निघाल्या. पहिल्या नऊ शामरावभाऊनं काढल्या. ते गेले, मग बाकीच्या मी एकटीनं.

त्या छत्तीसात निरंजन भाऊजी आहेत. अभ्यासात घ्याचं तं घरच्यांची परवानगी लागते. नाव कुठं छापत नाहीत. खाली फुली केली आहे, तिथं सही करून पाठव. सहीचं नाव काढलं की तू कागद बाजूले सारशीन, पण ही तसली सही नाही. यानं कोणाचं काही होत नाही.

रुचिता ठीक आहे. दहावीचे पेपर पुढच्या महिन्यात. मी महिन्यातून एकदा गुढियारीले जाते. तुही सासू कलावतीबाई मले चहा देते, बस म्हणत नाही. पोट्टी आजीच्या घरी, त्या मोहल्ल्यात, राहून राहून अर्धी छत्तीसगढी झाली, पण राग तुह्यासारखाच, नाकाच्या शेंड्यावर. तुहं नाव काढलं की म्हणते, "मौसी, वो टॉपिक मत निकालो." बारा वर्षांची असताना जे बोलली, मम्मी ने पापा की मशीन बंद करवा दी, तेच अजून घट्ट धरून आहे. मशीन कोणी बंद केली नव्हती. गळ्याले छेद देऊन, तिथून श्वासाची नळी टाकून अजून काही आठवडे थांबाचं की नाही, एवढं डॉक्टरनं विचारलं, अन् तू नको म्हणून सही केली. पण हे घरात समजून कोण घेते? कलावतीबाईनं शिकवलं अन् पोट्टी शिकली.

तुले वाटत असन की विनूही तेच मानते, म्हणून तीन वर्षांत वर्ध्याची वाट विसरली. तसं नाही वं. दुसरं आहे. जाऊ दे. सही कर अन् पाठव.

तुही विनू


४ फेब्रुवारी २०२४

ताई,

कागद भेटला. सही नाही. मागच्या बाजूनं पेन्सिलीनं एक ओळ, "माहा आवाज त्यायले कोणत्या कानात ऐकवला होता?"

बाप्पा! तीन वर्षांनी पत्र, अन् त्यात हा एक प्रश्न. कशी आहे विनू, जिवंत आहे की मेली, काही नाही. पहिल्या दिवशी मले तुहा भल्ला राग आला. दुसऱ्या दिवशी समजलं की तू हेच घेऊन झोपते अन् हेच घेऊन उठते. वॅगनच्या कारखान्यात वीस वर्षं हातोडे ऐकून भाऊजीचा डावा कान गेला होता. तू दवाखान्याच्या गेटवर उभं राहून व्हॉट्सॲपवर आवाज भरून पाठवला, अन् मी तो डाव्या कानाले लावला तं? म्हणून रेघ हलली नसन तं? हेच नं?

उजव्या कानात ऐकवला. मले माहीत नव्हतं काय डाव्याचं? घरात पाणी मागाचं तं आपण उजव्या बाजूनं जाऊन मागत होतो. उजव्याच. आता हा विषय डोक्यातून काढ.

इथं थंडी कमी झाली. दवाखान्यात काम भल्लं वाढलं. मॅडम एक एक जुनी फाइल उघडते अन् मले बाजूले बसवते. परवा अभनपूरकडचे एक भैय्यालाल साहू आले होते. छत्तीसातले एकविसावे. मॅडमनं बोलावलं होतं, आता कसे आहेत ते पाहाले. मी त्यायच्या रेघा काढल्या तेव्हा समोरच्या बाजूनं मोठ्या मोठ्या संथ लाटा होत्या, आवाज दिला तं काही फरक नाही. मीच मनात म्हटलं होतं, गेला हा माणूस. घरचे अडून बसले, आम्ही थांबतो म्हणे. चोवीस दिवसांनी त्यायनं डोळे उघडले. परवा चालत आले ताई, पायऱ्या चढून. हातात थोडा कंप आहे, नावं विसरतात. बायको सांगत होती की भाताले पाणी किती टाकाचं यावरून रोज भांडतात. मॅडम हसली, मीही हसली. मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली.

हे तुले काहून सांगतलं मी? सगळ्यांचं सारखं नसते. मॅडमही तेच म्हणते.

अजून एक. मॅडमची नजर बारीक आहे. रेघा काढताना पेशंटले आवाज द्याचा असते, मग टाळी वाजवाची, मग नख दाबून पाहाचं. प्रत्येक वेळी मशीनचं बटण दाबलं की रेघेवर खूण पडते, वेळेसकट. एका फाइलीत तिले या तीन खुणा चार सेकंदांत दिसल्या. मले म्हणते, "विनोदिनीताई, चार सेकंदांत हाक, टाळी आणि चिमटा? तुम्हाला हात किती होते?" फाइलीवर फक्त नंबर असतो, नाव नसते. मी म्हटलं, मॅडम, तेव्हा घाई होती. मग नंबर तिनं वहीत लिहून ठेवला.

सही पाठवाची तं लवकर पाठव. नाहीतं नकोच पाठवू. परवानगी नाही आली तं ती फाइल यादीतून आपोआप निघते, कोणी विचारत नाही. तुही मर्जी.

विनू


२५ फेब्रुवारी २०२४

ताई,

उजव्या कानात नाही. डाव्याही नाही. तुहा आवाज मी त्यायले ऐकवलाच नाही.

या एका ओळीचे मी पाच कागद फाडले. आता लिहिलं तं पुढचंही लिहू दे. आधी वाच, मग शिव्या दे, तुह्याजवळ माह्यापेक्षा चांगल्या आहेत.

एकवीस एप्रिल, बुधवार. शामरावभाऊ जयंतीच्याच दिवशी गेले, त्याले सात दिवस झाले होते. ज्या माणसानं मले डोक्याचं माप घ्याले शिकवलं, त्याले मी पिशवीत बांधलेलं पाह्यलं. त्या बुधवारी भाऊजी माहे पाचवे पेशंट. किट घालून चार तास झाले होते, चष्म्यातून धड दिसत नव्हतं. फोन प्लास्टिकच्या पिशवीत कमरेले बांधला होता, त्यात तुहा आवाज, दोन मिनिटं अकरा सेकंद. मी तारा लावल्या. दहा मिनिटांच्या रेघा काढल्या. मग उरलं ते हाक मारणं, टाळी, नख, अन् तुहा आवाज.

त्यासाठी तोंडापाशी वाकावं लागते. नळीच्या कडेनं हवा फुसफुस करत होती. मी वाकली नाही, ताई. मी भ्याली. तीन बटणं एकामागून एक दाबली, तारा काढल्या अन् मशीन ढकलत बाहेर निघाली. मॅडमच्या वहीतला नंबर भाऊजीचाच आहे.

कोणाच्या डोक्यापाशी वाकाले भ्याली मी? ज्या माणसानं या कोर्सचा फॉर्म आणून दिला, माहा हात बसावा म्हणून आपल्या डोक्यावर एकवीस तारा लावून घेतल्या, अन् केसाले पेस्ट चिकटली तं दोन दिवस तुह्या शिव्या खाल्ल्या, त्याच्या.

इथवर कोणी म्हणेल, भीती होती, माणूस आहे. मीही तीन वर्षं तेच म्हणून मनाले समजावलं. पण पुढचं भीतीचं नाही.

तू गेटपाशी उभी होती. किट काढून मी बाहेर आली, तं तू दोन्ही हातांनी गेटच्या सळ्या धरून विचारलं, "ऐकवला काय वं? रेघ हलली काय?" मी खरं सांगतलं असतं तं तू म्हटली असती, जा, परत जा, आत्ताच्या आत्ता जा. तू मले पाठवलंच असतं. अन् मले परत त्या दारातून आत जायाचं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "ऐकवला ताई. काहीच नाही हललं."

तू म्हटलं, "डॉक्टर काही म्हणो. तू सांग, विनू. तुह्या डोळ्यानं पाह्यलं ना?"

मी म्हटलं, "हव."

अर्ध्या तासानं तू सही केली. शुक्रवारी भाऊजी गेले.

लोक म्हणतात, बाईनं नवऱ्याले मराले सोडलं. तू डॉक्टरच्या कागदावर सही केलीच नाही, ताई. माह्या शब्दावर केली. भाऊजीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कलावतीबाई चार माणसांसमोर तुले नाही नाही ते बोलली, अन् मी मागं सतरंज्या उचलत होती. तेव्हा बोलाचं होतं. नाही बोलली. मग तुह्यासमोर येणंच बंद केलं. तू समजली की मीही तुले दोष देते. मी ते समजू दिलं, कारण ते मले सोपं होतं.

मी तीच फाइल दाखवून मॅडमले विचारलं, नाव न सांगता. ही एकविसाव्यासारखीच रेघ आहे, हा माणूस वाचला असता काय? ती म्हणते, "सांगता येत नाही. वाचलेही असते, नसतेही. पण तपासणी झालेलीच नाही हे कळलं असतं, तर मी घरच्यांना थांबा म्हटलं असतं." मी दोनदा विचारलं. दोनदा तेच म्हटलं.

आता तू म्हणशीन, मले काय सांगते, माह्या पोरीले सांग. समजते मले. पण तिचे पेपर सुरू झाले आहेत. हे कारण खरं आहे की मी पुन्हा पळून राहिली, ते मले स्वतःलेच समजून नाही राहिलं. तू सांगशीन तसं करते. उद्या सांग म्हटलं तं उद्या सांगते.

माफी नाही मागत. मागाले तोंड नाही.

विनू


२६ मार्च २०२४

ताई,

तुहं कार्ड पाच तारखेले भेटलं. शिव्या नाहीत. तीन ओळी. "आधी तिचे पेपर होऊ दे. मग सांग. सासूबाईसमोर सांग." मी ते कार्ड किती वेळ हातात धरून बसली! तीन वर्षं पोट्टी तोंड पाहत नाही, अन् तुले आधी तिचे पेपर दिसतात.

पहिले मॅडमले सांगतलं. तिले वाटलं मी खुणांचं कबूल करून राहिली. मी म्हटलं, मॅडम, ते माहे भाऊजी होते, अन् मी बाहेर येऊन बहिणीले खोटं सांगतलं. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणते, "हे लेखी द्याल?" दिलं. चौकशी बसली आहे. मले मशीनवरून काढलं, आता पेशंटच्या नोंदणीच्या खिडकीत बसून पर्ची फाडते. मॅडम समोरून जाताना मान हलवते, थांबत नाही. तिचं काही चुकलं असं मले वाटत नाही.

तेरा तारखेले पेपर संपले. सतरा तारखेले रविवार, मी गुढियारीले गेली. रुचिता पलंगावर पाय घेऊन बसली होती, मोबाईल पाहत. कलावतीबाई गहू निवडत होती. मी उभ्यानंच म्हटलं, मले काही सांगाचं आहे, दोघींनी ऐका. अन् तुले लिहिलं तसंच सगळं सांगतलं. वाकली नाही. बटणं दाबली. गेटवर खोटं बोलली. विमलताईनं माह्या शब्दावर सही केली. मराठीतून सुरू केलं, पोट्टी आ करून पाहत होती, म्हणून परत पहिल्यापासून हिंदीतून सांगतलं. दोनदा सांगावं लागलं, ताई. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

बुढीचा हात सुपातच थांबला. मले वाटलं, आता ही सूप फेकून मारते. म्हणते, "अन् तू इथं येऊन माह्या हातचा चहा पेत राहिली वं?"

मी म्हटलं, "हो."

"माहा लेक गेला. मी सुनेले उंबऱ्यात नाही येऊ दिलं. तिच्या पोरीले तिच्याविरुद्ध केलं." मग सूप खाली ठेवलं. "तू खोटं बोलली खरं. पण बोलाले तं मी होती. माहं तोंड कोणी धरलं होतं काय?"

मी तिच्याकडून हे ऐकाच्या तयारीनं गेलीच नव्हती. रडाले येऊन राहिलं होतं, पण मले तिथं रडाचा काय हक्क?

रुचिता मात्र रडली नाही. तिनं मले वकिलासारखं विचारलं. "मम्मी को पता नहीं था?" नाही. "मम्मी ने आपसे पूछा था ना, रेघ हिली क्या?" हो. "और आपने बोला, सुनाया." हो. "मम्मी ने उसमें क्या बोला था?" मी म्हटलं, मले माहीत नाही, मी ऐकलं नाही. ना तेव्हा, ना नंतर. तुहा आवाज ज्यात आहे तो जुना फोन मी सोबत नेला होता, चार्ज करून. तो तिले दिला. ती आतल्या खोलीत गेली अन् कडी लावली.

आम्ही दोघी बाहेर. बुढीनं गहू तसेच टाकले. तासाभरानं पोट्टी बाहेर आली. डोळे कोरडे, नाक लाल. फोन परत नाही दिला. मले म्हणते, "आप जाइए, मौसी." मी चप्पल घातली अन् निघाली.

मग आठ दिवस काही नाही. रोज वाटे फोन करावा, रोज नाही केला. काल होळीच्या गडबडीत तिचाच फोन आला. सीधं कामाचं. "मौसी, मम्मी का स्टेशन वर्धा है कि सेवाग्राम? ऐप में दोनों दिखा रहा है." मी म्हटलं, वर्धा काढ. वसतिगृह तिथून जवळ पडते. मग म्हटलं, मी बसवून देऊ काय गाडीत? इतकी लांब एकटी जाशीन.

"नहीं. आप मत आना." मग म्हणते, "उसके बाद भी मत आना. घर भी."

मी म्हटलं, ठीक आहे बेटा. बेटा म्हटलेलंही तिले आवडलं नसन.

मले वाईट वाटलं, खोटं काहून सांगू? याच पोट्टीले मी दुपट्यात धरून विहारात नेलं होतं. पण एक सांगते. तीन वर्षांत तिच्या तोंडून मम्मी हा शब्द इतक्या वेळा मी ऐकला नव्हता.

कलावतीबाई तिची बॅग भरून राहिली, असं शेजारच्या बाईकडून समजलं. लोणचं, पापड, सगळं. तुह्यासाठी एक लुगडंही ठेवलं म्हणे. ते तू घे की नको घेऊ, तुह्या अन् तिच्यात मी पडत नाही.

आता नीट वाच. रविवारी, एकतीस तारखेले, दुपारी दीडची वेळ आहे, तेही शेजारच्या बाईनंच सांगतलं. गाडी उशिरा येते, तरी तू वेळेवर जाऊन बस. तुले फोन करणार नाही ती, आधीच सांगून ठेवते. अचानक पोहोचाचं तिच्या मनात आहे, पण वर्ध्याच्या स्टेशनवर ती एकटी उतरून पत्ता विचारत फिरावी, हे मले सहन होत नाही. म्हणून हे पत्र आजच स्पीड पोस्टानं टाकते. तिले म्हण, तू सहजच आली होती. ती हिंदीतच बोलेल, पहिल्याच दिवशी टोकू नको. भूक लागली तं सांगत नाही, चिडते, तेव्हा डबा घेऊन जा.

अन् ताई, ती आता तुह्यापेक्षा उंच आहे. केस खांद्यापर्यंत कापले, चष्मा लागला. तू प्लॅटफॉर्मवर बारा वर्षांची पोट्टी शोधत उभी राहशीन अन् ती तुह्या समोरून निघून जाईल. मोठ्या पोरींकडे पाहजो.

विनोदिनी